बरे वाटणे आणि बरे होणे

श्वासाशी मराठी भाषेचे नाते मोठे जिव्हाळ्याचे आहे. आपण दम धरतो, दम खातो, कोणाला दम देतो आणि कोणाच्या बोलण्यात दम नसला तर ते सोडून देतो. दमा हा रोगही ह्याच कुळातला. परंतु दमेकऱ्याने सर्वांत जपून वापरावेत असे शब्द ह्या कुळाबाहेरचे आहेत : 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे'. रोजच्या बोलण्यात आपण ह्या दोहोंत फारसा भेद करत नाही. गेली दोन वर्षे दर चार आठवड्यांनी दोन सुया टोचून घेताना हा भेद आम्हांला नीट शिकावा लागला. त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

आमचा दमा शाळकरी वयापासूनचा. 'पंपाची सवय लागते' ही घरोघरी आढळणारी भीती आमच्याही घरी होती, आणि मृगाच्या सुमारास हैदराबादेस जाऊन औषधाचा मासा गिळण्याचा आग्रह करणारे आप्तही होते. पुढे रोज दोन वेळा पंप नियमाने घेऊनही वर्षातून चार-पाच वेळा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या घ्याव्या लागू लागल्या, आणि नंतर तर त्या सुटेनात. ह्या गोळ्यांनी आमचा जीव अनेकदा वाचवला. पण त्यांचे बिल हाडे, डोळे आणि रक्तातली साखर ह्यांच्या नावावर फाडले जाते. डॉक्टरांनी 'ओमालिझुमॅब' सुचवण्यापूर्वी आधी आमची पंप ओढण्याची पद्धत तपासली, घरातली धूळ, ओल आणि उदबत्त्या ह्यांची चौकशी केली. साध्या उपायांत काही राहून गेले नाही ह्याची खात्री झाल्यावरच सुईचा विषय निघाला.

हे औषध म्हणजे काट्याने काटा काढण्याचा प्रकार आहे. ॲलर्जीच्या मुळाशी असणारे 'आयजीई' हे प्रतिपिंड १९६६-६७च्या सुमारास किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने अमेरिकेत, आणि स्वतंत्रपणे योहान्सन व बेनिख ह्यांनी स्वीडनमध्ये शोधले. १९७५ साली कोलर आणि मिल्स्टाइन ह्यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची रीत दाखवली. ह्या दोन वाटा जिथे मिळतात तिथे ओमालिझुमॅब उभे आहे : प्रतिपिंडाला पकडणारे प्रतिपिंड. रक्तातल्या मोकळ्या आयजीईला ते धरून ठेवते, आणि आयजीई ॲलर्जीच्या पेशींवर जाऊन बसू शकत नाही. अमेरिकेत २००३ साली त्याला मान्यता मिळाली. मात्रा रोग्याचे वजन आणि आरंभीची आयजीईची पातळी ह्यांवरून ठरते. आमचे वजन ५८ किलो आणि पातळी २४०. म्हणून दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम. एका जागी १५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टोचत नाहीत, म्हणून सुया दोन.

औषध जिवंत पेशींकडून बनवून घेतलेले प्रथिन असल्याने त्याची बडदास्त ठेवावी लागते. २ ते ८ अंश तापमानात ते राहिले पाहिजे, गोठता कामा नये. आमच्या फ्रीजमध्ये त्याची जागा मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. दवाखान्यात नेताना थंड पिशवीत कुपी आणि बर्फाची पाकिटे ह्यांच्यामध्ये टॉवेलची घडी असते. तिथे सिस्टर भुकटीत पाणी घालतात आणि कुपी हलक्या हाताने गोल फिरवतात. खळखळून हलवायची नसते. औषध विरघळायला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात, आणि तेवढा वेळ घाई न करणाऱ्या सिस्टरांविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे.

खरी कसोटी टोचल्यानंतरची. हजारात एक-दोन रोग्यांना ह्या औषधाने ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सर्वांगाची तीव्र ॲलर्जी, होऊ शकते. अंगावर पित्त उठणे, जीभ किंवा घसा सुजणे, छाती आवळणे, भोवळ येणे ही तिची लक्षणे. २००७ साली अमेरिकेत ह्या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापण्यात आला. बहुतेक प्रसंग पहिल्या काही मात्रांत घडतात, पण वर्षभर काही न होता पुढेही घडल्याची नोंद आहे. म्हणून पहिल्या तीन मात्रांनंतर दोन तास आणि पुढे दर खेपेस अर्धा तास दवाखान्यातच बसायचे, जिथे ॲड्रेनॅलिन हाताशी आहे. पंचविसाव्या खेपेसही आम्ही तो अर्धा तास पुरा बसतो. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ एकदा म्हणाले, "इतके दिवस काही झाले नाही ना, मग आता कशाला थांबता?" ह्या प्रश्नाचे उत्तर त्या चौकटीतच आहे. घरी परतल्यावरही लक्षणे दिसली तर वाट न पाहता आपत्कालीन विभाग गाठायचा, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. चौथ्या महिन्यात आम्हांला बरे वाटू लागले. रात्री झोप लागू लागली, जिना चढताना मध्ये उभे राहावे लागेना. एका सकाळी आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आता तो पंप तरी बंद करा की! सुईवर इतका पैसा घालतोच आहोत." सूचनेत माया होती आणि हिशेबही होता, औषधाच्या किमतीने आमच्या घरचे दोन बेत पुढे ढकलले गेले होते. तरी आम्ही पंप ठेवला. ही सुई झटका आलेला थांबवत नाही आणि रोजच्या पंपाची जागाही घेत नाही. तिच्यामुळे बरे वाटते. रोग मात्र आपल्या जागी असतो.

गोळ्यांच्या बाबतीत तर सबुरी जिवाचीच गोष्ट ठरते. दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम करणे विसरतात, आणि गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. आमची १० मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेक महिन्यांत, पायरी-पायरीने उतरवली गेली. त्या काळात अंगावर नवे पुरळ, पायांत बधिरपणा, वाढता दमा ह्यांवर लक्ष ठेवायला सांगितले होते. कारण स्टिरॉइड कमी होताना त्याने झाकून ठेवलेला रक्तवाहिन्यांचा दाह क्वचित वर येतो.

इथे एक गंमतही सांगावी. उपचार सुरू असताना एकूण आयजीई मोजले तर ते वाढलेले दिसते. कारण औषधाने धरलेले आयजीई रक्तात अधिक काळ रेंगाळते आणि यंत्र तेही मोजते. औषध थांबवल्यावरही वर्षभरापर्यंत हा आकडा चढा राहू शकतो. म्हणजे माणसाला बरे वाटते आहे आणि कागद ओरडतो आहे. असा कागद पाहून मात्रा बदलायची नसते, आणि नुसत्या बरे वाटण्यावरून पंप सोडायचा नसतो. दोन्ही साक्षी तपासूनच निकाल द्यायचा.

औषधाचा उपयोग होतो आहे की नाही हे साधारण १६ आठवड्यांनी पाहतात. होत नसेल तर ते थांबवणेच शहाणपणाचे. आमच्या बाबतीत गेल्या वर्षभरात गोळ्यांची एकदाही गरज पडली नाही. कोणी 'बरे झालात का?' असे विचारले की आम्ही 'बरे आहे' म्हणतो. एवढे उत्तर प्रामाणिक आहे, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला पुरेसे आहे.