एक, दहा, अकरा, बारा… आणि मग दोन

"अहो, तुमच्या डेकमध्ये काहीतरी गडबड आहे. रामाचा जन्म व्हायच्या आधीच सीतेचं स्वयंवर लागतंय!"

निवृत्त शिक्षक असलेले एक काका दुकानात येऊन तावातावाने सांगत होते. त्यांच्या गाडीतला डेक मीच बसवलेला, त्यामुळे रामायण बिघडलं तर त्याला जबाबदारही मीच. त्यांच्या मुलाने पेनड्राइव्हमध्ये गीतरामायण भरून दिलं होतं. गाणी ५६. गदिमा लिहायचे, सुधीर फडके चाल लावायचे आणि १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ती ऐकवली जायची. तेव्हा त्यातला क्रम ही काही वरवरची गोष्ट नाही. मुलाने फायलींना १ ते ५६ असे आकडे व्यवस्थित दिले होते. घोळ तिथेच होता.

डेकला त्यात आकडे दिसत नाहीत, नुसती चिन्हं दिसतात. तो डावीकडून एकेक चिन्ह तपासतो आणि 'दहा'ची सुरुवात 'एक'ने होते म्हणून दहाला एकच्या मागोमाग उभं करतो. मग अकरा, बारा, थेट एकोणीसपर्यंत, आणि त्यानंतर दोन. काकांच्या गाडीत कुश-लवांनी गायला सुरुवात केली की पुढचं गाणं दहावं. बाराव्यात स्वयंवर, एकोणिसाव्यापर्यंत राम वनवासाच्या वाटेवर, आणि मग दुसऱ्या गाण्यातली शरयूकाठची अयोध्या. प्रत्यक्ष रामजन्माचं गाणं सहावं, ते वाजायचं छप्पन्नावं संपल्यावर. त्राटिकावध तर सगळ्यांच्या शेवटी.

"पण कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय की!" हे वाक्य मी रोज ऐकतो आणि ते खरंही असतं. विंडोज एक्सपीपासून कॉम्प्युटर फायलींच्या नावातले आकडे आकडे म्हणून वाचतो, म्हणून तिथे नऊनंतर दहा येतो. डेकमधल्या स्वस्त चिपला एवढी अक्कल कोणी दिलेली नसते. उपाय शेंबड्या पोराला जमेल असा आहे: एक ते नऊच्या आधी शून्य लावायचं. शंभराच्या वर गाणी असतील तर त्या हिशेबाने दोन शून्यं.

पुण्यात मी गाड्यांच्या ऑडिओचं काम करतो. कॅसेट गेली, सीडी आली. मग सातशे एमबीच्या एका सीडीत दीडशे गाणी मावणारी एमपीथ्री सीडी आली आणि शेवटी हा करंगळीएवढा तुकडा. लोक स्पीकरवर, अ‍ॅम्प्लिफायरवर, डिकीतल्या वूफरवर हजारो रुपये घालतात. तक्रार मात्र बहुतेक वेळा निघते ती दोनशे-चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हच्या आतल्या मांडणीतून. डेक अत्यंत साधं यंत्र आहे. गाणं काय आहे हे त्याला कळत नाही, त्याला फक्त यादी कळते.

त्यातही डेकच्या दोन जाती. एक नावाप्रमाणे लावणारी, काकांच्या गाडीतल्यासारखी. दुसरी नावाकडे ढुंकूनही पाहत नाही. गाणी ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवते. फॅट-३२ नावाची जी जुनी पद्धत जवळजवळ सगळे डेक वाचतात, तिच्यात प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि यादीतली एकेक नोंद ३२ बाइटची. नवीन गाणं आलं की नोंद खाली वाढते. पण मधलं एखादं गाणं पुसलं असेल तर ती जागा रिकामी होते, आणि नव्या गाण्याची नोंद तिथे जाऊन बसू शकते. म्हणून काल भरलेलं गाणं अचानक तिसऱ्या नंबरला वाजायला लागतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं की डेकला भूत लागलंय. अशा डेकसाठी पेनड्राइव्ह आधी फॉरमॅट करायचा आणि गाणी हव्या त्या क्रमाने नव्याने टाकायची. यादी नावाप्रमाणे लावून देणारे छोटे प्रोग्रॅमही मिळतात.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचे हाल याहून वेगळे. त्यांच्या फायली रागाच्या नावाने आणि रोमन लिपीत. रोमन अकारविल्हे लावली की सुरुवातीलाच भैरवी येते आणि यमन जातो तळाला. मैफल भैरवीने संपवायची ही आपली रीत. इथे पुण्यातून निघून खेड-शिवापूरच्या टोलनाक्यालाच भैरवी आटोपलेली असते. आणि चाळीस मिनिटांचा बडा ख्याल एकाच फाइलमध्ये असला, तर बरेच डेक गाडी बंद करताना फक्त गाण्याचा नंबर लक्षात ठेवतात, गाणं कुठवर आलं होतं ते नाही. चहाला थांबून परत बसलात की आलाप पहिल्यापासून. अशा मंडळींना मी डेक घेतानाच सांगतो, दुकानात गाणं मध्यावर नेऊन किल्ली बंद-चालू करून बघा. स्पीकरचे वॉट नंतर विचारा.

'दर वेळी पहिलंच गाणं लागतं' ही तक्रार मात्र निराळी. तिथे पेनड्राइव्ह निर्दोष असतो आणि वायरमन दोषी. डेकला दोन पॉझिटिव्ह वायरी येतात. पिवळी थेट बॅटरीवरून, कायम चालू. डेकची मुख्य पॉवर आणि आठवण दोन्ही हिच्या जिवावर. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद होते, तिचं काम डेकला उठवण्याचं. घाईत बसवणारा दोन्ही एकत्र पिळून किल्लीच्या लायनीवर टाकतो आणि वर टेप गुंडाळून मोकळा होतो. मग किल्ली काढली की डेकचं सगळं पुसलं: स्टेशनं गेली, घड्याळ बारावर, गाणं पहिलं. दोन्ही बॅटरीवर टाकल्या तर डेक झोपतच नाही आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी स्टार्ट होत नाही. शिवाय काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन वायरींच्या जागाच उलट असतात, तेव्हा रंगावर भरवसा न ठेवता मीटर लावून बघणं बरं.

'पेनड्राइव्ह दिसतच नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण मोठा, चौसष्ट किंवा एकशेअठ्ठावीस जीबीचा घेऊन येतात. तो एक्स-फॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि जुन्या डेकला त्या पद्धती ठाऊक नसतात. विंडोजचा नेहमीचा फॉरमॅटचा पर्याय वर्षानुवर्षं बत्तीस जीबीच्या पुढे फॅट-३२ देतच नव्हता, त्यामुळे लोकांना वाटतं की ते होतच नाही. दुसऱ्या प्रोग्रॅमने होतं. पण मी म्हणतो, कशाला? मिनिटाला साधारण एक एमबी धरा, हा १२८ केबीपीएसचा हिशेब. सोळा जीबीत अडीचशे तासांहून जास्त गाणी मावतात. एवढं ऐकायला पुण्याहून कन्याकुमारीला किती वेळा जाणार?

मॅकवरून गाणी भरणाऱ्यांचा एक खास ताप आहे. प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक चिमुकली फाइल तो गुपचूप टाकून ठेवतो. मॅकवर ती दिसत नाही, डेकला दिसते. डेक तिलाही गाणं समजतो, वाजवायला जातो आणि अडतो. शंभर गाण्यांच्या जागी दोनशे दिसतात, त्यातली निम्मी मुकी. विंडोजवर पेनड्राइव्ह लावून त्या पुसल्या की विषय संपतो.

आणि खोटे पेनड्राइव्ह! फुटपाथवर 'एक टीबी, पाचशे रुपये' म्हणून जे मिळतात, त्यांच्या आत मेमरी असते आठ-दहा जीबीची. कंट्रोलरला फक्त खोटं बोलायला शिकवलेलं असतं. गाणी भरताना कुठलीच तक्रार येत नाही, नावंही सगळी दिसतात. खरी जागा संपल्यानंतरची गाणी एक तर वाजत नाहीत, नाहीतर खरखरतात. ओळखायचा मार्ग एकच: तो पूर्ण भरायचा आणि भरलेलं सगळं परत वाचून पडताळायचं. त्यासाठी फुकट प्रोग्रॅम आहेत, एक रात्र लागते.

आता आवाज. गिऱ्हाईक फुशारकीने सांगतं की माझ्याकडे सगळं लॉसलेस आहे. सीडीचा वेग १४११ केबीपीएस, एमपीथ्रीचा फार तर ३२०. कागदावर फरक चौपटीहून जास्त. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर गाडी ऐंशीच्या पुढे गेली की टायर, वारा आणि इंजिन मिळून जो घरघराट करतात, त्यात तो फरक ऐकू येतो म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला फक्त डोळे मिटून परीक्षा द्यायला सांगतो. अर्थात गाडी उभी असताना.

खरा फरक खालच्या टोकाला पडतो. कुठून कुठून उतरवलेल्या ६४ केबीपीएसच्या फायली गाडीतही उघड्या पडतात आणि त्यांना सगळ्यात आधी उघडं पाडतो तो टाळ. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करून दाबतो. ११५२ नमुन्यांची एक फ्रेम, म्हणजे सीडीच्या हिशेबाने सुमारे २६ मिलिसेकंद. दाबताना जी बारीक खोट राहते ती त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. तानपुऱ्यासारखा सलग स्वर असेल तर ती त्याच्याखाली झाकली जाते. टाळ मात्र शांततेतून एकदम कडाडतो, आणि तुकड्याचा जो भाग आघाताच्या आधी आहे तिथे झाकायला काहीच नसतं. म्हणून टाळ वाजायच्या आधी अगदी पुसट 'फस्स' ऐकू येतं आणि नाद ओलसर लागतो. चिपळ्या, घुंगरू, तबल्याची चाट, ढोलकीची थाप या सगळ्यांची तीच गत. एमपीथ्रीने अशा जागी आणखी छोटे तुकडे करायची सोय ठेवलेली आहे, पण ६४ मध्ये तिला पुरेसे बिट मिळत नाहीत. भजनं आणि लावण्या ऐकणाऱ्याने निदान १९२ च्या खाली जाऊ नये, हे माझं मत. आणि ६४ ची फाइल कन्व्हर्टरमधून ३२० करून काही परत येत नाही, नुसती जागा जाते.

लोकांनी केबीपीएसपेक्षा आवाजाच्या पातळीची काळजी जास्त करावी असं मला वाटतं. हिराबाई बडोदेकरांची जुनी ध्वनिमुद्रिका आणि लगेच नंतर कालपरवाचं सिनेमाचं गाणं: आधी नॉब फिरवून आवाज वाढवायचा आणि मग घाबरून कमी करायचा, तोही वरंधा घाटाच्या वळणावर. एमपीथ्रीगेन नावाच्या प्रोग्रॅमने सगळी गाणी एका पातळीला आणता येतात. गाणं पुन्हा दाबावं लागत नाही, फाइलमधला पातळीचा आकडा दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो आणि हवं तर पूर्ववतही होतो. नुसत्या टॅगमध्ये नोंद करणाऱ्या पद्धती गाडीत फारशा चालत नाहीत, कारण बहुतेक डेक ती नोंद वाचतच नाहीत.

टॅगचा विषय निघालाच आहे तर देवनागरीबद्दल. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला ३० बाइटची जागा होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रे-हलन्त धरून दहा चिन्हांत सगळं बसवायचं. नव्या टॅगमध्ये जागा भरपूर आहे, पण डेकमध्ये फाँट नसतो, म्हणून प्रश्नचिन्हांची नाहीतर चौकोनांची रांग दिसते. कधी फाँट असतो, पण अक्षरं जोडायची अक्कल नसते. मग 'विठ्ठल' लिहिलं की 'व'ची वेलांटी त्याच्या उजवीकडे जाऊन पडते आणि दोन 'ठ' हलन्त दाखवत वेगळे उभे राहतात. भारतात विकायच्या गाडीत हे अजून चालावं याचा मला राग येतो. तरीही गिऱ्हाइकाला सांगतो ते हेच, की फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा आणि पुढे आकडा लावा.

फोनवरून गाणी ऐकण्याच्या काळात हे सगळं कशाला, असं विचारणारे नव्या गाडीवाले असतात. ताम्हिणीत रेंज गेली की त्यांना उत्तर मिळतं. आणि आमचं निम्मं काम नव्या गाड्यांचं नसतंच. उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टर येतात. त्यांना स्क्रीन नको, ब्लूटूथ नको. जुन्या कॅसेट डेकच्या डब्यात स्वस्तातला यूएसबी बोर्ड, निळा दिवा, आकडे दाखवणारी छोटी पट्टी आणि रिमोट. धुळीपासून वाचवायला बोर्डाभोवती फोम लावतो, धक्क्याने पेनड्राइव्ह हलू नये म्हणून आखूड, बुटका पेनड्राइव्ह देतो.

असाच एक ट्रॅक्टरवाला दादा मोडका पेनड्राइव्ह घेऊन आला. प्लॅस्टिक फुटलेलं, आतली पट्टी उघडी, पण वाजत होता. म्हटलं, नवीन घे, गाणी नीट लावून देतो. भक्तिगीतं वेगळी, भीमगीतं वेगळी, लावण्या वेगळ्या.

"नको शेठ," तो म्हणाला. "सत्तेचाळीसला आनंद शिंदे हाय, एकशे बाराला भैरवनाथाचं. रात्री अंधारात रिमोटवर बोट ठेवून लावतो मी. तुम्ही लावून दिलंत तर माझं एक गाणं सापडायचं नाय."

साधं कॉपी-पेस्ट करून भागणार नव्हतं, कारण तेवढ्यानेही यादी हलली असती. जुन्या पेनड्राइव्हची पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी इमेज काढली आणि नव्यावर उतरवली. पुसलेल्या गाण्यांच्या रिकाम्या नोंदीसुद्धा आल्या. दुकानातल्या डेकला लावून त्याने सत्तेचाळीस दाबलं, मग एकशे बारा, आणि खात्री पटल्यावर पैसे दिले.