कसाला न लागणारे मणी

आमच्या घरात पिवळ्या दागिन्याला एकच प्रश्न विचारायची पद्धत होती: कितीचं आहे? बावीसचं की अठराचं? उत्तर नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत मिळायचं. सराफ काळ्या कसोटीवर दागिना ओढायचे, शेजारी ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ काढायचे आणि दोन्हींवर तेजाबाची काडी फिरवायचे. हिणकस रेघ बघता बघता विरायची. आजीचा त्या दगडावर जेवढा विश्वास होता तेवढा घरातल्या माणसांवरही नव्हता. त्यामुळे सत्तरच्या दशकात रशियाहून पिवळ्या मण्यांची एक माळ धंतोलीच्या घरात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी पेच पडला. हिला ओढायचं कशावर?

माळ आणली होती धाकट्या काकांनी. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर. कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला. तिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि पुढे तिथून इंजिनिअर प्रशिक्षणासाठी रशियात जाऊन येत. काकाही गेले. परत आल्यावर त्यांच्या बॅगेतून एकीच्या पोटात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या निघाल्या आणि आईसाठी ही माळ.

"वहिनी, अंबर आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचा डिंक," काका म्हणाले.

"डिंकाचे लाडू करतात," आजी म्हणाली. "दागिने कोण करतं?"

तरी माळ इतवारीला गेलीच. सराफांनी ती हातात घेतली, तोलली, उजेडात धरली आणि परत आईच्या हातात दिली. "वहिनी, वजन करून देतो. भाव नका विचारू जी." माळेच्या खरेपणाबद्दल ते बरं-वाईट काहीच बोलले नाहीत. आपल्या दगडाला जे कळत नाही त्यावर मत द्यायचं नाही, हा त्यांचा शहाणपणा आजही मला मोठा वाटतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपाशी तो नव्हता. हळदीकुंकवाला आईने ती माळ घातली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "प्लास्टिकची असून काय छान दिसते!" आई हसून वाण पुढे करायची.

मला ती माळ पहिल्यांदा कळली ती हाताला. कॉलेजात असताना आम्हाला माहुरझरीला नेलं होतं. काटोल रस्त्यावरचं हे गाव. तिथली शिळावर्तुळं नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्खनन करून उजेडात आणली. महापाषाणयुगापासून तिथे मणी घडत होते: अकीक, कार्नेलियन, स्फटिक. सरांनी एक कार्नेलियनचा मणी तळहातावर ठेवला. गार आणि आकाराच्या मानाने जड. घरी येऊन मी आईची माळ गळ्यात घातली आणि फरक कळला. तिचं वजन जाणवतच नव्हतं, आणि स्पर्शाला ती दगडासारखी गार लागत नव्हती. काचेचा मणीसुद्धा क्षणभर गार लागतो. अंबर नाही लागत. कुठलंही साहित्य न लागणारी ही पहिली परीक्षा, आणि काच व दगड तिथेच बाद होतात. प्लास्टिक मात्र बाद होत नाही, कारण तेही हलकं, तेही गार न लागणारं.

आपली भूमी दगडाची. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या पत्थराची, तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. काकांनी आणलेल्या बाल्टिक अंबराचं वय साधारण चार ते साडेचार कोटी. म्हणजे आजीला ज्या प्राचीनपणाचा संशय होता त्याहून प्राचीन दगड धंतोलीच्या पायाखालीच होता. १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत आला, तेव्हा भाचे-पुतण्यांनी माळेतला एकेक मणी डास शोधायला तपासला. त्यांना सांगावं लागलं की ही माळ डायनोसॉर संपल्यानंतरची आहे. डायनोसॉरच्या काळातलं अंबर मिळतं ते म्यानमारच्या काचिन भागात, जवळपास दहा कोटी वर्षांचं. तिथल्या एका तुकड्यात पिसांसकट डायनोसॉरच्या शेपटीचा भाग सापडला, तो २०१६ साली जगापुढे आला. आमच्या माळेत किडा नव्हता, आणि ते बरंच होतं. मण्याच्या मधोमध, पंख नीट पसरून बसलेला मोठा किडा दिसला की आधी संशय घ्यावा. झाडाच्या चिकात अडकलेला जीव असा फोटोला बसल्यासारखा मरत नाही.

दुसरी परीक्षा ग्रीक तत्त्वज्ञ थेलिसच्या काळापासूनची, म्हणजे सव्वीसशे वर्षांची. अंबर लोकरीवर घासलं की गवताची काडी, कागदाचा कपटा उचलतं. आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात ते त्यामुळेच. मी ती भर जुलैत केली आणि एकही कपटा हलला नाही. तीच माळ डिसेंबरच्या कोरड्या थंडीत स्वेटरवर घासली तर कपटे पटापट चिकटले. दमट हवेत विद्युतभार टिकत नाही, एवढंच. पण नागपूरच्या थंडीत केसांतून फिरवलेला कंगवाही कपटे उचलतो. थेलिसच्या काळी प्लास्टिक नव्हतं. आज ही परीक्षा फार तर एखादा संशय कमी करते.

त्याच थंडीत शहरात तिबेटी स्वेटरवाले येत. त्यातले कितीतरी गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतले. १९७२ साली ही वसाहत वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. एका म्हातारीच्या गळ्यात पोवळ्यांमध्ये मोठे पिवळे मणी होते. मी निरखून पाहतेय हे बघून ती हिंदीत म्हणाली, "ये नकली है. असली माँ का था. बेच दिया, तब खाना लिया." मग माझ्याच गळ्यातल्या माळेचा एक मणी तिने उचलून गालाला लावला आणि मान हलवली. मला प्रमाणपत्र मिळाल्यासारखं झालं. पण तिच्या स्वतःच्या नकली मण्यांतही तिची लाज कुठे दिसत नव्हती. पोवळ्याशेजारी पिवळा मणी हवा म्हणून तो होता, आणि बाईने पंधराशेचं स्वेटर बाराशेला सोडलं नाही ते नाहीच.

आई गेल्यानंतर माळ माझ्याकडे आली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं, आणि आमच्या उन्हाळ्याचं काय सांगावं, पारा पंचेचाळिसाच्या पुढे. काही मण्यांच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा आल्या होत्या, रंग तांबूस झाला होता. उष्ण, कोरड्या हवेत आणि उजेडात अंबर असंच जुनं होतं. दोराही कुजला होता. पटवेकऱ्याकडे ओवायला देण्याआधी सुटे मणी हाताशी आले, आणि माझ्या मावसभावाने डाव साधला. तो १९४२ साली स्थापन झालेल्या आपल्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून पेंटचं शिकलेला, आयुष्य राळेत गेलेलं.

"ताई, आधी डिंक म्हणणं सोड," तो म्हणाला. "डिंक पाण्यात विरघळतो. ही राळ आहे. पाण्याला दाद देत नाही."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने मांडामांड केली. पाव लिटर पाण्यात सात सपाट चमचे मीठ, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलेलं. जुन्या रेडिओचं बटण त्यात टाकलं, ते तळाला गेलं. ते बेकेलाइटचं. जुन्या नकली अंबरात बेकेलाइट फार. मग मणी टाकला. तो थोडा बुडाला, सावकाश वर आला आणि पाण्याच्या वर जेमतेम टाळू काढून थांबला. साध्या पाण्यात मात्र तो बुडतो. अंबराची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त, १.०५ ते १.१०, आणि मिठाचं हे पाणी त्याच्या किंचित वर असतं. ही परीक्षा सुट्या मण्यावरच करायची. माळ चांदीच्या हुकासकट सोडली तर हूकच तिला खाली ओढतो.

माझा चेहरा खुलला तसा त्याने कॅसेटच्या पारदर्शक डबीचा तुकडा पेल्यात सोडला. तोही तरंगला! ते पॉलिस्टायरिन, त्याची घनता अंबराइतकीच. "म्हणून एका परीक्षेवर थांबायचं नाही," तो म्हणाला आणि नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनची बाटली मागितली. त्या तुकड्यावर थेंब पडताच तो चिकट झाला, बोटाचा ठसा उमटला. मण्यावर, भोकाजवळच्या न दिसणाऱ्या बाजूला, थेंब टाकून लगेच पुसला. काही झालं नाही. कोपल नावाची कोवळी राळ अंबर म्हणून विकतात. तिला जमिनीत पुरेसा काळ मिळालेला नसतो, ती ॲसिटोनने चिकटते. मग दिवे घालवून नोटा तपासायचा छोटा टॉर्च लावला. मण्यांतून निळसर दुधी उजेड आला. रेडिओचं बटण काळंच राहिलं.

तापलेल्या सुईची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. सुई टोचली की अंबरातून राळेचा सुगंध, बेकेलाइटमधून कार्बोलिकचा वास, दुधाच्या केसीनपासून केलेल्या मण्यातून करपल्या दुधाचा, सेल्युलॉइडमधून कापराचा, आणि सेल्युलॉइड पेटतंही. ती आम्ही केली नाही. बाकीच्या परीक्षांनी एवढं सांगितल्यावर एका वासासाठी मण्याला डाग द्यायचं कारण नव्हतं.

खरी गोष्ट भिंगाखाली निघाली. आजीला ज्या चकत्यांमुळे माळ आवडायची, उजेडात चमकणाऱ्या गोल गोल चकत्या, त्या निसर्गाच्या नव्हत्याच. अंबर मुद्दाम तापवून थंड केलं की आत असे तडे उठतात; कारखाने शोभेसाठी ते करतात. एका मण्यात चांदणीसारखे बारीक केस सापडले. ते ओकच्या झाडाचे, बाल्टिक अंबरात नेहमी आढळणारे. पण दोन लहान मण्यांत बुडबुडे एकाच दिशेने लांबट दाबलेले होते, आणि आत पुसट सीमारेषा दिसत होत्या. गूळ फोडताना पडलेला चुरा गोळा करून पुन्हा ढेप बांधावी, तसे अंबराचे कण उष्णता आणि दाबाने एकत्र करून हे मणी घडवलेले. दाबून जोडलेलं अंबर करायची ही युक्ती एकोणिसाव्या शतकापासूनची आहे.

"मग खरे की खोटे?" मी विचारलं.

"चुरा खरा, मणी बनवलेला. तू प्रश्न सोन्याचा विचारतेस."

त्याचं बरोबर होतं. सोन्याला अंक असतो, म्हणून हॉलमार्कचा शिक्काही मारता येतो. अंबराचा अंक नाही. राळ कोणत्या झाडाची, किती काळ पुरलेली, नंतर तापवलेली की रंगवलेली, अखंड की जोडलेली: प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि घरातली प्रत्येक परीक्षा एकेका नकलेला फक्त वगळते. मीठ बेकेलाइटला वगळतं, ॲसिटोन कोपलला. अखेरचा शब्द प्रयोगशाळेतल्या अवरक्त किरणांचा. बाल्टिक अंबराची खूण तिथे ओळखता येते. मी माळ तिकडे पाठवली नाही, कारण मला ती विकायची नव्हती.

आणि कधी कधी खरेपणाचा प्रश्नच निरुपयोगी असतो. परदेशातून पाहुण्या आलेल्या नात्यातल्या एका बाळाच्या गळ्यात अंबराची छोटी माळ होती. दात येताना म्हणे त्यातलं औषधी द्रव्य अंगाच्या उबेने झिरपतं. "खरंच अंबर आहे का, तू पाहून सांग," म्हणत बाळाच्या आईने माळ माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आधी गळ्यातून काढली ते बरं झालं. बाल्टिक अंबरात सक्सिनिक आम्ल असतं हे खरं, पण ते कातडीतून जाऊन दात दुखणं थांबवतं याला पुरावा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अशा माळांबद्दल इशारा दिला, तो एका बाळाचा गळा आवळून मृत्यू झाल्यानंतर. धंतोलीत पावलोपावली दवाखाना आहे. तिला कोपऱ्यावरच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं. मिठाच्या पाण्याने तिथे काय होणार होतं?

आता माळ पुन्हा ओवून घेतली आहे. प्रत्येक मण्यामागे गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर घासणार नाहीत. परवा भाची लग्नाला घालायला घेऊन गेली. निघताना तिने विचारलंच, "मावशी, कुणी विचारलं तर काय सांगू? खरी म्हणू?"

"बाल्टिक अंबर, कारखान्यात तापवलेलं, दोन मणी जोडीव."

"एवढं कोण ऐकून घेणार!"

"मग रशियाची म्हण. आणि अत्तर आधी मारून घे, माळ मागून घाल. अत्तरातल्या स्पिरिटने ती खराब होते."