पेडल मोजून पाहा

दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. त्याआधी ट्रॅक्टरचे ऑइल तुम्ही बघता, टायरची हवा बघता. तरुण मंडळी गाण्याचा डबाही तपासतात. पण क्लचचे पेडल मोजणारा घरधनी मला सेलू-हिंगणघाट भागात क्वचितच भेटतो. म्हणून ही माझ्याच मूर्खपणाची गोष्ट सांगतो.

साल १९९१. मी कृषी पदवीच्या वर्गात होतो आणि सुटीत घरी आलो होतो. आमचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पांदणीच्या चढावर इंजिन गरजे, पण ट्रॅक्टर ओढेना. जळका वास येई. क्लचपाशी बेअरिंग सतत किणकिणे. कारण मला ठाऊक होते. क्लचप्लेट झिजत जाते तसतशी पेडलची मोकळी चाल कमी होते. ती संपली की बेअरिंग बोटांना टेकूनच राहते. मग प्लेट पूर्ण दाबली जात नाही, घसरते आणि जळते. बाबांना पेडलवर पाय ठेवून चालवायची सवय होती, त्याने आणखी भर पडली.

मी दांडीचा लॉकनट ढिला केला, पिन काढली आणि पेडल चांगले सैल होईस्तोवर चिमटा फिरवला. किणकिण थांबली. आईने शेजारणीला बोलावून कौतुक सांगितले. मोजायचे मात्र मला सुचलेच नाही.

दुसऱ्या दिवशी कापूस भरलेली ट्रॉली जोडायची होती. रिव्हर्स टाकताना गिअर खर्र करून ओरडला. तोच इशारा होता, पण मी गिअर रेटला. बाबा मागे उभे राहून ट्रॉलीचा दांडा हुकाला जुळवत होते. माझा पाय पेडलवर पूर्ण दाबलेला, तरीही ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकू लागला. चाल जास्त झाल्यामुळे क्लच सुटतच नव्हता. मी घाबरलो. ब्रेक सुचला नाही, इंजिन बंद करायची दांडी ओढेपर्यंत बाबांचा अंगठा लोखंडात चेपला होता.

वर्ध्याहून पट्टी बांधून आल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "पोट्या, मोजलं होतं काय?"

धाकट्या बहिणीच्या दप्तरातली फूटपट्टी घेतली. चाल दोन इंचांहून जास्त भरली.

१९६३ साली महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि पुढे बी-२७५ ट्रॅक्टर गावोगाव दिसू लागले. तेव्हापासून अश्वशक्ती पुष्कळ वाढली, तरी दांडीने चालणाऱ्या क्लचला मोकळी चाल लागतेच. ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर, म्हणजे इंचभराच्या आसपास असते. तुमच्या ट्रॅक्टरचे नेमके माप पुस्तिकेत पाहावे. सपाट जागी उभा करा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. पेडल हाताने दाबा. आधी ते सहज खाली जाते, मग जड लागते. तेवढेच अंतर पट्टीने मोजायचे. चिमटा एकेक फेरा फिरवून पुन्हा मोजावे, मग लॉकनट कसावा आणि पिनला नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी वाकवून वापरू नका. चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर प्लेट संपली समजा. दुहेरी क्लच असेल किंवा आतली बोटे जुळवायची असतील तर ते काम मिस्त्रीचे, घरी खटपट नको.

आणि ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर थांबवून गिअर न्यूट्रल आणि इंजिन बंद केल्याशिवाय कुणीही मध्ये जायचे नाही. घरच्या बायाही खिळी घालायला मदत करतात, लहान पोरे तिथेच घुटमळतात. क्लचच्या भरवशावर त्यांना मागे उभे करू नका.

त्या संध्याकाळी बाबा एका हातात कंदील धरून बसले. मी चिमटा फिरवत होतो आणि प्रत्येक फेऱ्याला ते पट्टी पुढे करत होते. इंचावर चाल आली तेव्हा त्यांनी स्वतः पेडल दाबून पाहिले आणि सकाळी कापूस हिंगणघाटला न्यायला सांगितले. बहिणीला नवी फूटपट्टी आणावी लागली. जुनी ट्रॅक्टरच्या पेटीतच राहिली.