पुण्याचे तारुण्य

पुणे हे पेन्शनरांचे गाव, असे आमचे आजोबा अजूनही मोठ्या अभिमानाने सांगतात. ते स्वतः पेन्शनर असल्यामुळे घरात त्यास कोणी हरकत घेत नाही. परंतु सदाशिव पेठेतील आमच्या गल्लीत सकाळी सहा वाजता उभे राहिले, तर पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन अभ्यासिकेकडे निघालेली विशी-पंचविशीची मंडळीच दृष्टीस पडतात. कोणी बीडचा, कोणी नांदेडची, कोणी जळगावचा. स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी अधिकारी व्हावे, हा बहुतेकांचा मनोदय असतो.

ह्या मंडळींनी आमच्या पेठेची राहणी कधी बदलली, हे आम्हांस कळलेही नाही. वाड्यांतील खोल्या ‘कॉट बेसिस’वर जाऊ लागल्या, म्हणजे भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे! खानावळीत गोड वरणाच्या शेजारी ठेचा आणि शेवभाजी येऊन बसली. रात्री दहानंतर चहाच्या टपरीवर राज्यघटनेच्या कलमांवर असा वाद रंगतो की, वकिलांनीही कान द्यावा. पावसाळ्यात महाविद्यालयांच्या नाटकवेड्या मुलामुलींना पुरुषोत्तम करंडकाचे वेध लागतात. ही एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली, आणि ‘अरे, आवाज कुणाचा’ ही तिची आरोळी भरत नाट्य मंदिराच्या बाहेरही ऐकू येते. त्याच सुमारास नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. मला विचाराल तर, तो सराव निम्म्यावर आणला तरी गणराय रागावणार नाहीत.

हे सारे नवे आहे, असे मात्र म्हणता येत नाही. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई फुले अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या आणि जोतीरावांनी नुकतीच विशी गाठली होती. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडले, त्या वेळी विष्णुशास्त्री चिपळूणकर २९ वर्षांचे आणि टिळक २३ वर्षांचे होते. पुतळ्यांत ही माणसे वयस्क व गंभीर दिसतात, म्हणून आपण फसतो. ज्या पुण्याचा आपण वारसा म्हणून अभिमान बाळगतो, ते तरुणांनीच घडविले.

ह्या तरुणांवाचून पुणे कसे दिसते, तेही मी पाहिले आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पुढील काही आठवड्यांत आमच्या माडीवरील चारही खाटा रिकाम्या झाल्या. खानावळीला कुलूप लागले, अभ्यासिकेचे दिवे मालवले. एरवी ‘किती हा गलका’ म्हणून कुरकुरणारी आजी संध्याकाळी खिडकीशी बसून राही.

ती मंडळी पुन्हा आली. परंतु सगळीच नव्हेत. एक गोष्ट मला अलीकडेच उमगली. आमचे शहर सदैव तरुण दिसते, ते येथील माणसे म्हातारी होत नाहीत म्हणून नव्हे, तर तरुण बदलत राहतात म्हणून. जागा थोड्या आणि उमेदवार लाखो. तेव्हा बहुतेकांना केव्हातरी ट्रंक उचलावीच लागते. आमच्या माडीवर परभणीकडील एक दादा सहा वर्षे राहिले. मला गणित त्यांनी शिकविले. आजीच्या औषधांच्या वेळा आमच्याहून त्यांना अधिक पाठ होत्या. गेल्या वर्षी वयाची मर्यादा संपली. ते गेले त्या दिवशी आजीने त्यांच्याकडून त्या महिन्याचे भाडे घेतले नाही, आणि त्यांनी ते देव्हाऱ्यापाशी ठेवून दिले.

त्यांची पुस्तके अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानी नेऊन विकावी, असे ठरले होते. तेवढ्यात हिंगोलीचा एक मुलगा खाट पाहावयास आला. खिडकीजवळची तीच खाट त्याने पसंत केली. भाड्याचे बोलणे झाल्यावर त्याने ती पुस्तके चाळली, समासातील बारीक अक्षरांतील टिपणे वाचली, आणि ही कोणाची म्हणून विचारले. आजी म्हणाली, “आमच्या घरचीच आहेत. वाच तू.”