आमचें विमान

पन्नाशीनंतर मनुष्यास कोणता नाद लागावा याला कांहीं धरबंध नाहीं. आमचे कित्येक समवयस्क या वयांत योगासनांकडे वळले, कोणी कुळाची वंशावळ शोधूं लागले, आणि एकानें तर कवितासंग्रहहि काढला. आम्हीं विमान बांधलें. अर्थात् ज्यांत बसून जावयाचें तें विमान नव्हे. मुंबईस कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं सहा आसनांचें खरेंखुरें विमान उभें केलें व २०१६ सालीं तें प्रदर्शनांत मांडलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. तेवढी आमची छाती नाहीं. आमचें विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, वजनानें एक किलोहून थोडें अधिक, आणि रिमोटच्या दोन काठ्यांवर चालणारें. त्यांतून तें शिकाऊ, म्हणजे नवशिक्याच्या चुका पोटांत घालण्यासाठींच बनविलेलें.

आमचें मूळ गांव कासुर्डी. पुणें-सोलापूर महामार्गानें जाणाऱ्यांस हें नांव टोलनाक्यामुळें ठाऊक झालें. आम्हांस तें उसामुळें, गुऱ्हाळांच्या वासामुळें आणि दक्षिणेकडील भुलेश्वराच्या डोंगरामुळें ठाऊक आहे. धाकटे बंधु तेथें शेती पाहतात. २०२४ च्या नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि ती सरल्यावर प्रचाराचे फलक बंधूंच्या गोठ्याला वारा अडविण्याकरितां लागले. हे फलक ज्याचे असतात त्यास बाजारांत सनपॅक म्हणतात. दोन पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे, आणि मध्यें शेजारीं शेजारीं बसविल्यासारख्या पोकळ नळ्या. हलकें, पाण्यानें न भिजणारें, आणि आपटलें तरी सहसा न मोडणारें. अमेरिकेंतील हौशी लोकांनीं या पदार्थाचीं विमानें करण्याचा एक पंथच काढला आहे. त्यास ते ‘स्पॅड’ म्हणतात. पहिल्या महायुद्धांतील एका फ्रेंच लढाऊ विमानाचें हें नांव, आणि ‘साधी प्लॅस्टिकची विमानरचना’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरेंहि तींच.

गोठ्यांत हें सारें आम्ही बंधूंस सांगत असतां त्यांचे चिरंजीव पलीकडे विहिरीवरची मोटार खोलून बसले होते. या आमच्या पुतण्याविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. कॉलेजच्या शिक्षणासाठीं तो पुण्यास आमच्याच घरीं राहिला, दुसऱ्या वर्षीं नापास झाला, आणि कॉलेज सोडून गांवीं परतला. ज्या विषयांत तो नापास झाला तो पदार्थविज्ञान, आणि तो शिकविणारे आम्ही. तेव्हांपासून चार वर्षें आम्ही गांवीं गेलों कीं तो वांकून नमस्कार करी आणि कांहीं तरी काम काढून बाहेर पडे. त्या दिवशीं मात्र तो म्हणाला, “काका, नळ्या पंखाच्या लांबीला ठेवा. आडव्या ठेवल्या तर पंख दुमडेल.”

हें आम्हांस सुचलें नव्हतें. त्यानंतर विमान आमचें राहिलें नाहीं, दोघांचें झालें. प्रयोगशाळेंतून बाद झालेली एक लांकडी मीटरपट्टी आम्हीं कणा म्हणून नेली होती. पंखाचीं दोन्ही टोकें किंचित् वर उचललेलीं हवींत, म्हणून ती पन्नासाच्या आंकड्यावर कापावी लागली. पंखाच्या पुढच्या कडेला आंतल्या पापुद्र्याच्या दोन नळ्या चिरल्या कीं पत्रा मोडल्याशिवाय वळतो. चिकटविण्याचें काम मात्र कठीण. हें प्लॅस्टिक कोणत्याहि डिंकाला सहजीं जवळ करीत नाहीं. त्यावरून गॅसची ज्योत झरझर फिरवावी लागते, मग पृष्ठभागाचा स्वभाव पालटून पाणी थेंब न धरतां पसरूं लागतें, व डिंकहि धरतो. या भानगडींत उमेदवाराचा अर्धा चेहरा डाव्या पंखाखालीं गेला व जोडलेले हात शेपटीवर. पंख सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनीं नुसता बांधला. विमान पडलें तर तो सुटावा, तुटूं नये.

जानेवारींत ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानांत आम्ही उभे राहिलों. पुतण्यानें विमान पंखाखालीं दोन बोटांवर तोलून पाहिलें. “शेपूट जड आहे, काका.” आम्हीं वजनांचें गणित केलेलें होतें. “वाटण्यावर विमान उडत नाहीं,” आम्ही म्हणालों. तें पुढें एक शब्द बोलला नाहीं. विमान सुटतांच नाक आभाळाकडे करून चढलें, क्षणभर थबकलें, आणि हवेनें पंख सोडल्यामुळें शेजारच्या उभ्या उसांत गेलें. तें शोधण्यास दीड तास लागला व उसाच्या पातीनें चौघांचे हात कापले. पंख सुटून पडला होता. बाकी एक चीर. गणितांत आम्हीं बॅटरी जेथें धरली होती त्याच्या बरीच मागें ती बसविलेली निघाली. ती पुढें सरकविली, तेव्हां पंखाच्या रुंदीच्या पुढून तिसऱ्या हिश्शाच्या आंतच विमान तोललें.

पुढच्या रविवारीं तें उडालें. दूर जातें आहे तोंवर ठीक. परंतु वळून आपणांकडे येऊं लागलें कीं डावें-उजवें उलट होतें, आणि मन हें मानीत नाहीं. विमान कलतां आम्हीं काठी दाबली, तें अधिक कललें, आम्हीं आणखी दाबली. “काका, काठी सोडा!” आम्ही सोडीना. “हात काढा! त्याचें तें सरळ होतें!” आम्हीं अंगठे उचलले. वर उचललेल्या पंखांनीं तो कल हळूहळू भरून काढला, आणि उमेदवाराचें अर्धें हास्य आमच्या डोक्यावरून संथपणें गेलें.

उतरविलें त्यानेंच. मग बांधावर बसल्यावर आम्हीं एक जुनी गोष्ट काढली. पंखाच्या वरच्या बाजूनें जाणाऱ्या हवेस वळणामुळें अंतर अधिक पडतें, खालच्या हवेस टोकाशीं वेळेवर गांठण्याकरितां ती वेगानें धांवते, म्हणून विमान उचललें जातें, असें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. एकदां वर्गांत यानें उठून विचारलें होतें कीं, मग उलटें झालेलें विमान कसें उडतें? परीक्षेंत हें विचारीत नाहींत, खालीं बस, असें आमचें उत्तर होतें. वर्ग हंसला होता.

आम्हीं सांगितलें कीं, तें फळ्यावरचें स्पष्टीकरणच चूक होतें. वरची हवा खालच्या हवेची वाट पाहत नाहीं, उलट ती टोकाशीं आधींच पोंचते. पंख तिरपा धरून हवेस खालीं वळवितो व त्याच्या बदल्यांत स्वतः वर ढकलला जातो, आणि उलट्या विमानासहि तिरपें होतां येतें. तुझा प्रश्न बरोबर होता.

“ठाऊक होतें,” तो म्हणाला, आणि बॅटरी काढून खिशांत घातली.