पंधरा चारीचा पत्ता

राहाता

आत्या,

तुझ्या सूनबाईने विचारले होते, पंधरा चारी म्हणजे पंधरावी गल्ली का? तिला सांग, राहात्यात पत्ता पाण्यावरून ठरतो. पाटाच्या चारीला, म्हणजे फाट्याला, आकडा पडला, शेतकऱ्यांनी तोच वस्तीला लावला. पुढे प्लॉट पडले, बंगले उठले, पण लग्नपत्रिकेत अजून 'पंधरा चारी'च.

हा पाट म्हणजे गोदावरीचा उजवा कालवा. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा आहे, तिथून तो निघतो आणि सुमारे 110 किलोमीटर चालतो. त्याला पाणी पुरवणारे दारणा धरण 1916 चे. पाण्यामागे सासवडचे माळी आले, ऊस आला, गुऱ्हाळे पेटली. विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात आणलेल्या ब्लॉक पद्धतीने कोणत्या रानाला किती पाणी हे ठरू लागले.

तरी राहात्याची बागाईत पाटाने जन्माला घातली असे कोणी म्हटले, तर साईसच्चरित दाखवावे. शिरडीत बाग करायला साईबाबांनी झेंडू, जाई-जुईची रोपे राहात्याहूनच नेली होती, आणि तेव्हा पाट नव्हता.

पुढे नाशिकची तहान वाढली, 2005 च्या पाण्याच्या कायद्याने समन्यायी वाटपाचा हिशेब आला, आणि वरचे पाणी खाली जायकवाडी धरणाकडे जाऊ लागले. बऱ्याच रानांत उसाची जागा पेरूने घेतली, तो कमी पाण्यात निभावतो.

पाटाला पाण्याचे आवर्तन सुटले की वस्ती ओळखू येत नाही. बायका गोधड्या घेऊन काठावर, दोघीजणी दोन टोके धरून पिळतात, मधून पाणी गढूळ लाल गळते. पोरे पुलावरून उड्या मारतात, आया शिव्या घालतात. विहिरी चार दिवसांत वर येतात. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला भलताच मान चढतो. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म न भरलेलेही त्याला चहाला बोलावतात.

पाट कोरडा पडला की त्याच तळाशी क्रिकेट. चेंडू मोरीत गेला की सामना थांबतो. काल गेलेला अजून सापडलेला नाही, आणि पोरे म्हणतात, पाणी सुटले की आपोआप खाली येईल.

तुझा भाचा