बोरच्या वाटेवरचे पांढरे गोळे

श्रावणाच्या सुमारास आपण वर्ध्याहून सेलू, हिंगणी करीत बोर धरणाकडे निघालात, तर कपाशी-सोयाबीनची काळी शेते मागे पडतात आणि सागाचे रान सुरू होते. पाऊस उघडून दोन दिवस झाले असतील, तर बांधावरच्या गवतात लिंबाएवढे पांढरे गोळे दिसतात. त्यांना छत्री नसते, देठही जवळजवळ नसतो. पिकून वाळल्यावर बोटाने दाबले की तपकिरी धूर सोडतात. लहानपणी हा खेळ आपणही खेळला असाल. हे पफबॉल. आपल्या बोलीत मात्र साऱ्यांचीच ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून बोळवण होते. (बोर 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे; तेव्हा जंगलात शिरून काही वेचण्याचा विचारही नको. मी बोलतो आहे ते शेताच्या बांधाबद्दल.)

याच भागातील ऐंशीच्या घरातल्या एक आजी काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी पिशवीतून असे सात गोळे टेबलावर ठेवले. “कापून पाह्यलं तं आतून पांढरं दिसते म्हन्ते हा पोरगा. भाजी करू का, डॉक्टरसाहेब?” आजींचे अर्धे आयुष्य पावसाळ्यात सात्या वेचण्यात गेलेले, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाची नजर तीक्ष्ण, पण काय पाहायचे हे त्याला ठाऊक नव्हते. जाणकारी एकाकडे आणि दृष्टी दुसऱ्याकडे, हा प्रकार आपल्याही घरात असू शकतो.

नातवाने एकच गोळा कापला होता, तोही आडवा. मी उरलेले सहा शेंड्यापासून बुडापर्यंत उभे कापले. खाण्याजोगा कोवळा पफबॉल आतून पनीरसारखा एकसंध, शुभ्र असतो. पिवळट किंवा हिरवट झाक आली की तो पिकला, म्हणजे बाद. एका गोळ्याची साल जाड, चिवट आणि गाभा जांभळट काळा निघाला. हा स्क्लेरोडर्मा, पोटात गेल्यास ओकाऱ्या आणणारा. दुसऱ्यात मिटलेल्या छत्रीची, देठाची आणि पात्यांची पुसट आकृती उमटलेली होती. म्हणजे तो पफबॉल नव्हताच. अंड्यात असलेले दुसरेच भूछत्र होते. अमानिटा कुळातील प्राणघातक जातीही याच रूपात जमिनीबाहेर येतात. त्याची जात ओळखण्याची गरजच नव्हती. सातही गोळे टाकून दिले.

शुभ्र गाभा पाहून निर्धास्त होऊ नये, कारण कोवळा स्क्लेरोडर्माही आतून पांढराच असतो. चांदीचा चमचा काळा पडणे, किड्यांनी खाल्लेले असणे या परीक्षा तर निव्वळ भ्रामक आहेत. अमानिटातील घातक विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. त्या उताराला फसू नका. वृद्धांच्या शरीरातील पाणी लवकर आटते. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडांवरचा धोका आणखी वाढतो. शंका येताच मोठे रुग्णालय गाठा. उरलेली भाजी आणि कच्चे तुकडे कागदी पिशवीत घालून सोबत न्या. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नका.

आणि तो धूर? 1994 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पफबॉलची भुकटी नाकातोंडात गेल्याने आठ तरुण आजारी पडले. फुफ्फुसांना सूज आली. घरात दम्याचे आजोबा असतील, तर नातवंडांचा हा खेळ अंगणाबाहेरच बरा.

आजी नाराज होऊन गेल्या. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी बाजारातून धिंगरी अळिंबीचे पाकीट आणून ठेवले. तपासणीला परत आल्या तेव्हा कशी लागली म्हणून विचारले.

“चव बरी हाय,” त्या म्हणाल्या, “पन सात्याची सर नाही त्याले.”

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मात्र त्यांनी त्याच दिवशी स्वतःहून मागितली.